पागोट्याची झडती

३ डिसेंबर १९५८, बुधवार

जिनिंगच्या इंजनाचा पट्टा तुटला! खेमसिंग फिटर सकाळपासून मॅनेजरले सांगून राह्यला होता, "साहेब, हा पट्टा आज टिकत नाही. घंटाभर जिनिंग बंद ठेवा." मॅनेजर म्हणे, "तू मला शिकवतोस?" दुपारी तुटलाच, अन् तोही कापूस टाकणाऱ्या साऱ्या बायाइसमोर! एक त हसली बी. मॅनेजरचं तोंड पाहण्यासारखं झालतं. मी माह्या टाइमकीपरच्या खिडकीतून पाहून मनातल्या मनात टाळी वाजवली.

५ डिसेंबर

मॅनेजरनं मले बोलावलं. फाटकावर आगपेटीची झडती रोजचीच. कापसाच्या गंजीले एक ठिणगी पुरे! मी सगळ्याइचे खिसे चाचपतो अन् आत सोडतो. आता म्हणे, "खेमसिंगचं पागोटंही सोडून पाहत जा. पूर्ण. रोज."

मी म्हटलं, साहेब, त्यानं जन्मात बिडी ओढली नाही.

"तुमची नोकरी पक्की व्हायची आहे ना अजून?"

होये. मार्चात व्हायची आहे. चार वर्षं झाली वाट पाहून.

६ डिसेंबर

केलं. लाल पागोटं, दहा-बारा हात तरी कापड असन. मांगं बाया रांगेत उभ्या. खेमसिंग माह्याकडे पाहतच नव्हता. मॅनेजर व्हरांड्यात चहा पिऊन राह्यला होता. मी हळूच म्हटलं, "भाऊ, माहा नाइलाज आहे." तो पागोटं बांधत बसला.

घरी बायकोले सांगतलं. ती म्हणे, "मंग तुमी कायले सोडता?" घ्या! घरात बसून बोलाले काय जाते?

१२ डिसेंबर

आजही.

१७ डिसेंबर

आज खेमसिंग बोडक्या डोक्यानं आला! सोडाले पागोटंच नाही. मनात म्हटलं, वा रे गड्या! पण मॅनेजर व्हरांड्यातून ओरडला, "उद्यापासून पागोटं बांधूनच यायचं, नाहीतर घरी बसायचं!" म्हणजे त्यानं बांधाचं, अन् मी सोडाचं. काय डोकं आहे, बाप्पा!

तिकडं खेमसिंगच्या बंजारी तांड्यात वेगळंच झालं. त्याइच्यात बोडकं डोकं म्हणजे बाप गेला. रस्त्यानं कोणीतरी खेमसिंगले पाह्यलं, अन् बाया रडत त्याच्या दारात. त्याचा म्हातारा बाप त बाजेवर बसून भाकर खाऊन राह्यला होता! स्वतःच्याच मौतीचं रडणं ऐकलं त्यानं. संध्याकाळी खेमसिंगची बायको रुपीबाई फाटकावर आली, मले म्हणे, "बाबू, म्हाताऱ्यानं ताट सारलं ते सारलंच. माही घडी भरली म्हणते."

मी हजेरीचं पुस्तक चाळत बसलो.

१८ डिसेंबर

बांधून आला. सोडलं.

२१ डिसेंबर, रविवार

आज हिंमत केली! यवतमाळले जिनिंगच्या मालकाले, शेठजीले, कागद लिहिला. सही नाही केली, अक्षरही डाव्या हातानं काढलं. मॅनेजर गरिबाच्या इज्जतीशी कसा खेळून राह्यला, पागोट्यापासून म्हाताऱ्याच्या ताटापर्यंत सारं लिहिलं. टपालाच्या डब्यात टाकताना आजूबाजूले पाहून घेतलं. पण घरी येऊन एक भाकर जास्त खाल्ली. कोणी काही म्हणो, या जिनिंगमधी खेमसिंगची बाजू घेणारा मीच एकटा. बायकोले सांगावं वाटलं, नाही सांगतलं.

२७ डिसेंबर

परवा शेठजी येते! कागद पोचला. मॅनेजर दिवसभर हात चोळत फिरला, भलती मजा वाटली मले. खेमसिंगले बाजूले घेऊन म्हटलं, "शेठजी विचारतीन. बिलकुल भेवू नको. कोणाची मुर्वत ठेवू नको, जे खरं आहे तेच सांग."

त्यानं मान हलवली.

२९ डिसेंबर

शेठजीनं फाटकावरच, सगळ्याइसमोर विचारलं, "खेमसिंग, तुझं पागोटं कोण उतरवते?" मॅनेजर बाजूलेच उभा. खेमसिंगनं माह्याकडे बोट केलं.

"हे बाबू. रोज."

खोटं बोलला असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? मॅनेजरनं त त्या पागोट्याले कधी हातही लावला नाही.