उत्तरेची भिंत

१७ एप्रिल १९८४

प्रिय सेन्या,

तुला, रिम्माला आणि तिच्या पोरांना कापाचा कमरेत वाकून नमस्कार. गुडघे सोडले तर मी बरी आहे. तुला भूक लागू दे, झोप लागू दे, येनिसेई नदीवरचा वारा बाधू नये, असं रोज मनात म्हणते.

पाकिटावरचं शहराचं नाव बघून गोंधळू नका. मॉस्कोत कोणी मोठा माणूस वारला की बारसं आमच्या रिबिन्स्कचं होतं. गेल्या महिन्यात ते दुसऱ्यांदा झालं. पोस्टातली बाई म्हणाली, नवं नाव घाला, नाहीतर पत्र फिरत बसेल. घातलं बाई. पण पाकिटाच्या आत रिबिन्स्क ते रिबिन्स्कच.

धरणाच्या वरच्या अंगाला अजून बर्फ आहे. त्या पाण्याला इथली नवी पोरं बिनदिक्कत समुद्र म्हणतात. त्यांचं काय चुकलं म्हणा, त्यांनी त्याच्या जागी मोलोगा गाव पाहिलेलंच नाही. मासे धरणारे म्हातारे अजून बर्फावर भोकं पाडून बसतात. त्यातले दोघे मोलोगाचे आहेत. मी त्यांना म्हणाले, तुम्ही आपल्याच बाजारपेठेच्या छपरावर गळ टाकून बसलाय. हसले बिचारे.

बंदरातल्या क्रेनना रंग देणं चालू आहे. मी निवृत्त झाले तरी चार दिवसांनी एक चक्कर मारतेच. तीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये काढली, जमिनीवर करमत नाही. काठावर नावा ओढणाऱ्या हमालाचा पुतळा बसवलाय, तो तू पाहिला नाहीस. दगडावर निवांत बसलाय, खांद्याला पट्टा. आपले आजोबा सांगायचे, पूर्वी धान्याच्या नावा इतक्या लागायच्या की या काठावरून त्या काठाला पाय न भिजवता जाता यायचं. त्या नावा आजोबांच्या छातीने ओढलेल्या होत्या. ते कधी बसलेले मला आठवत नाहीत. पुतळ्यात तरी बसू दिलं, बरं झालं.

सेन्या, मी उगाच पाल्हाळ लावतेय. तुला ते कळलंच असेल.

रिम्माचं पत्र फेब्रुवारीत आलं. तुझी उजवी बाजू गेली, डोळ्यांना नीट दिसत नाही, हे तिने लिहिलं. पुढे लिहिलं की बाबा डाव्या हाताच्या बोटांवर सारखं मोजतात. चौदापर्यंत जातात, पुन्हा एकपासून सुरू करतात. मध्येच "उत्तरेची चौदा" असं म्हणतात. आत्या, हे चौदा काय आहे, डॉक्टरही विचारतात.

दोन महिने ते पत्र साखरेच्या डब्यामागे ठेवलं होतं. आज उत्तर देतेय. रिम्मा, हे तूच वाचून दाखवणार आहेस, म्हणून तुलाही समजेल असं लिहिते. घाई करू नकोस. त्याला थोडं पाणी पाज आणि मग पुढे वाच.

धरणासाठी मोलोगा रिकामं करायचं ठरलं तेव्हा ज्यांची लाकडी घरं धड होती त्यांना ती सोडवून न्यायची होती. नेण्याची रीत अशी की प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला कुऱ्हाडीने खाचा पाडायच्या. कोणती भिंत, त्याची एक खूण, आणि खालून कितवा, तेवढ्या खाचा. मग घर उसवायचं, ओंडके एकत्र बांधून तराफा करायचा आणि त्याच्यावर गाय, चहाचा समोवार, अंथरुणं घेऊन आपणही बसायचं. घर स्वतःच आपल्याला नदीवरून रिबिन्स्कला आणतं. इथे खाचा बघून ओंडका ओंडक्यावर चढवायचा. प्रत्येक ओंडका खालच्यावर बसेल असा तासलेला असतो, दुसऱ्यावर तो बसत नाही.

आपल्या घराच्या खाचा तू पाडल्यास, सेन्या. एकोणीस वर्षांचा होतास आणि बाबांनी पहिल्यांदा एवढं काम एकट्यावर सोपवलं होतं. चार भिंती, प्रत्येकी चौदा ओंडके. तू शीळ वाजवत मोजत होतास आणि मी ढलप्या गोळा करत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे स्मशानात गेलात, आजी-आजोबांच्या मातीचा निरोप घ्यायला. मी पोट दुखतंय म्हणून मागे राहिले. पोट दुखत नव्हतं. शेजारच्या ग्लाफिरा काकूंनी आदल्या दिवशी आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं, की ज्यांचं घर तिकडे उभं राहत नाही त्यांना इकडे परत पाठवतात. आता वाटतं, ती थट्टा असेल. काकूंना थट्टेची सवय होती. मला अकराव्या वर्षी ती खरी वाटली.

मी तुझी लहान कुऱ्हाड घेतली. उत्तरेच्या भिंतीच्या चौथ्या ओंडक्याला एक खाच वाढवली. सातव्याला दोन, दहाव्याला एक. खालच्यांनाही हात लावला, किती ते आठवत नाही. ताज्या खाचा पांढऱ्या दिसू नयेत म्हणून वर चुलीची राख चोळली. घर उभं राहणार नाही, आपण परत येऊ, एवढंच डोक्यात होतं.

रिबिन्स्कला टेकडीवर जागा मिळाली. तीन भिंती भराभर चढल्या. उत्तरेची काही केल्या जुळेना. एकाच आकड्याचे दोन-दोन ओंडके निघाले, काही आकडे गायब. बाबा चढवायचे, उतरवायचे, पुन्हा चढवायचे. लाकूड ओलं, हात सुजलेले, आणि नोव्हेंबरात बर्फ आलं. शेवटी जसं बसेल तसं बसवलं. फटींतून हात जायचा. आईने शेवाळ भरलं, दोर भरले, तिचा जुना लोकरी कोट फाडून तोही भरला. आणि स्वतःची खाट तिने त्याच भिंतीला लावली, कारण चुलीजवळ मी झोपत होते.

परत कोणी पाठवलं नाही. मी वाट बघत होते.

त्या जानेवारीत पारा उणे चाळीसच्या खाली गेला. आई अठरा दिवस खोकली.

तिला माती दिल्यावर जेवणाला सगळं टेकडीवरचं मोलोगा घरात बसलं होतं. बाबांनी पेला खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "तुला चौदापर्यंत मोजता आलं नाही. ही तुझ्या कुऱ्हाडीने मेली." तू टोपी घातलीस. दारात माझ्याजवळ वाकलास आणि म्हणालास, "कापा, मी दोनदा मोजलं होतं गं."

माझ्या तोंडात घावनाचा घास होता. तो गिळून एक वाक्य बोलायचं होतं. मी घास चघळत राहिले. तू स्टेशनवर गेलास.

तुझी नववर्षाची कार्डं यायची, माझ्या एकटीच्या नावाने. बाबा ती हातात घेऊन उलटसुलट बघायचे आणि परत द्यायचे. सत्तावन्नमध्ये ते गेले. शेवटच्या आठवड्यात ते मला म्हणाले, सेन्या लहानपणी किती नीट मोजायचा, तेव्हा कसं चुकला असेल? मी त्यांची उशी सारखी केली. त्यांना एकच मूल उरलं होतं, तेही घालवायचं का, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला माझी जागा सोडवत नव्हती. चुलीजवळची.

सेन्या, तू बरोबर मोजलं होतंस. उत्तरेची चौदा होती, एकापासून चौदापर्यंत, एकही चूक नव्हती. आई तुझ्यामुळे गेली नाही. आता मोजू नकोस.

माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागते.

तुझी बहीण,
कापितोलिना

*

२९ मे १९८४

प्रिय रिम्मा,

तुझं पत्र काल मिळालं. मुलांना माझे पापे. इकडे पाणी मोकळं झालं, वाळूच्या पहिल्या बोटी लागल्या, पक्षीचेरीची झाडं फुलून गेली. तू घाबरत घाबरत लिहिलंस ते पत्रावरून कळतं. घाबरू नकोस. जसं झालं तसंच लिहिलंस, हे फार चांगलं केलंस. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

त्याने डोळे मिटून सगळं ऐकलं. उत्तरेच्या भिंतीचा भाग तुला दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "तेव्हा ती किती वर्षांची होती?" तू सांगितलंस, अकरा. तो म्हणाला, "पोर होती." तू लिहितेस की तो रडला, आणि तुला वाटलं आता सगळं ठीक होईल. आणि बराच वेळ गेल्यावर त्याने विचारलं, "आणि म्हातारा गेला तेव्हा?" तू मोजून सांगितलंस, एकोणतीस. त्याने तोंड फिरवलं, आणि संध्याकाळी म्हणाला, तिची पत्रं आता वाचू नकोस.

तू लिहितेस, आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नका, थोड्या दिवसांनी पुन्हा विचारून बघेन. नको बाळ, विचारू नकोस. त्याचं डोकं शाबूत आहे. रडून रडून अकराव्या वर्षाची माफी मागता येते, ती त्याने दिली सुद्धा. एकोणतिसाव्या वर्षी बाप माझ्यासमोर पडला होता, शुद्धीत होता, स्वतःहून विचारत होता. माझं एक वाक्य ऐकून त्याने सेन्याला तार केली असती. सेन्या आला असता. दोघांची भेट झाली असती. ती माफी सेन्या एकटा कशी देईल? अर्धी बाबांची आहे.

मी गाडीने यायचं म्हणत होते, तुला आठवत असेल. आता येत नाही. औषधांना काही लागलं तर मला कळव, ती मी पाठवल्याचं मात्र सांगू नकोस.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी सारखी वाचतेय. त्या दिवसापासून ते मोजत नाहीत, रात्रभर झोपतात, असं लिहिलंयस. झोपू दे त्याला. चव्वेचाळीस वर्षांची झोप मी धरून ठेवली होती.

हे पत्र त्याला वाचून दाखवू नकोस.

तुला म्हणावंसं वाटेल तोवर, तुझी आत्या,
कापितोलिना