गायरानातलं ऊन

२३ एप्रिल

सरपंच दत्ता येऊन गेला. गायरानावर सौर प्रकल्प येतोय! शेतीपंपांना दिवसा वीज! म्हणाला, "बाई, उन्हाच्या विजेसाठी इतकी वर्षं तुम्हीच घसा फोडला. एक मेच्या ग्रामसभेत दणकून बोला." आनंदाने मी त्याच्या चहात दोनदा साखर घातली.

मग विचारलं, गायरानात नेमकं कुठं?

"वढ्याच्या वरच्या अंगाला."

म्हणजे मच्छिंद्र आबांचा तुकडा. बापापासून कसतात. सातबाऱ्यावर नाव नाही, एवढंच!

२५ एप्रिल

आबांकडे गेले. ज्वारी काढून रान मोकळं पडलंय. इथंच मी नवी शिक्षिका असताना सूर्यचूल मांडली होती — काळी पेटी, वर काच, आरसा. अख्खी वस्ती जमली. आबांची बायको ताईबाई कमरेवर हात ठेवून उभी: "बाई, भात शिजतोय का नुसता उन्हाला बसलाय?" शिजला! पहिला घास तिनंच घेतला. पुढं रोज पेटीत डाळ ठेवून खुरपायला जायची. काचेला नाक लावणारी पोरं, झाकण उघडल्यावरचा तो वास... ताईबाई आता नाही.

मी निघताना आबा म्हणाले, "ऊन कुणाच्या बापाचं न्हाई, म्हणायच्या तुम्ही. रानाचं काय ते नव्हतं सांगितलं."

टोचलं.

२८ एप्रिल

पुस्तकं उपसली. तलावावर तरंगणारे पॅनेल आहेत, उंच खांबांवरचे आहेत, खाली भाजी पिकते! मग इथंच भूमिहीनाचं रान का? सोसायटीचं गोदाम आहे, शाळेचं छप्पर आहे. दत्ताला सुनावलं.

"बाई, छपरावर पंखं फिरत्याल, मोटारी न्हाईत." हसला.

हसू दे! मी विरोधात बोलणार. सूर्याच्या नव्हे — या जागेच्या.

३० एप्रिल

भाषण तयार. धार आहे.

या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. आबांचा मुलगा सम्राट बॅटरी, काठी घेऊन बागायतदार बापूसाहेबांच्या उसाला रोजानं पाणी धरायला निघालेला दिसला. "जय भीम, बाई! उद्या सोडू नका कुणाला!"

नाही सोडणार.

१ मे

बोलायला उठले, तोच आबा पुढं झाले. "बाई, बसा तुम्ही." मग सभेकडे वळून — "रान घ्या. पर दिसा लाईट द्या. त्या उसात बिबट्या हाय. माझा पोरगा राती जातो, आन् मी पहाटंपातूर दारात बसतो."