सात नंबरची जागा

मी, नामदेव हिराजी मेहेर, वय सदुसष्ट, धंदा पूर्वी खाडीतली मासेमारी, आता भाडेकरू ठेवणे, राहणार सारसोळे गाव, नेरूळ, नवी मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे ऑपरेशन ठरले आहे म्हणून घाई. यापूर्वी मृत्युपत्र केले नाही, कारण सगळे मुलाकडे, रूपेशकडेच जाणार होते.

कलम १. घर व त्याचे भाडे पत्नी यशोदाबाई हिचे. तिच्यामागे मुलगी मनस्वीचे. जावयाने गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायचा नाही. सांगून ठेवतो.

कलम २. होडी आणि जाळी पुतण्या धनेशची. त्याचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ, होडीचे इंजिन घेऊन गेला तो गेलाच. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. खांदा द्यायला आला तर येऊ द्यावे.

कलम ३. गावचा फुटबॉल संघ. वकील म्हणाले, "संघ तुमची मालमत्ता नाही, तो यात येत नाही." म्हटले, तुम्ही लिहा हो.

संघ मी होडीच्या रीतीने उभा केला. घरटी एक माणूस. पाय वाकडा असो, दम कमी असो, घराची जागा ती घराची. पलीकडच्या सेक्टरातला चंद्रशेखर कांबळे याचे सगळे उलट. तळोजा, उलवे, कुठूनही पोरे आणतो, ट्रायल घेतो, धावणे मोबाइलवर मोजतो, सीझन संपला की निम्म्यांना घरी पाठवतो. मी त्याला मैदानावर सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "बाजारात पापलेट दाबून बघावं तशी पोरं निवडतोस. उद्या एखादा मेला तर आठवड्यात जागा भरशील."

तो म्हणाला, "भरीन ना काका. टीम आहे ती, देवघर नाही."

मग रूपेश डेंग्यूने गेला. संघात त्याचा नंबर सात. आमच्यात होडीवरचा माणूस गेला तर त्याचा वाटा पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत त्याच्या घरी जातो, मग नवा माणूस घेतात. त्याच रीतीने सात नंबर रिकामा ठेवून संघ दहा जणांनिशी खेळू लागला. नारळी पौर्णिमा आली, नारळ वाहिला. मी जागा सोडली नाही. पोरे हरतात, धापा टाकतात आणि माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा दहाच उतरतात. धनेश कॅप्टन आहे, तो एकदाच बोलला, "काका, दहा जनांत नाय होत." यशोदाबाई म्हणाली, "पोर गेला. जागा कवर राखाल तुमी?"

मी जागा तशीच रिकामी ठेवली. रागावलो होतो असे नाही. रूपेश गेल्यापासून मला राग येत नाही आणि रडूही येत नाही. बोंबलाला चव लागत नाही. मैदानाच्या कडेला बसतो आणि गोल झाला की तो कोणी केला हे शेजारच्याला विचारतो.

एक मात्र आठवते. रूपेशनंतरच्या पहिल्या सामन्यात समोर चंद्रशेखरचाच संघ होता. आमचे दहा उभे राहिले. त्याने एकदा बघितले, आपल्या सगळ्यात चांगल्या स्ट्रायकरला बाहेर बोलावले आणि बाकावर बसवले. पोरगा चिडला, "सर, मला का?" तर म्हणाला, "बस गप." शेवटपर्यंत त्यानेही दहाच खेळवले. जिंकले तेच. सामना संपला तसा तो आपली पोरे घेऊन निघून गेला.

तरी त्याची रीत मला पटलेली नाही. घरटी माणूस हीच आमची रीत राहील. पण सात नंबर माझ्या घराचा आहे आणि माझ्या घरात आता खेळणारे कोणी नाही. म्हणून माझ्या घरचा माणूस निवडायचा हक्क मी चंद्रशेखर कांबळे याला देतो. त्याने त्याच्या पद्धतीने निवडावा, खुशाल ट्रायल घ्यावी. पोरगा तळोज्याचा असो की आमच्याच भाडेकरूचा, निवडला की तो मेहेरांच्या घरचा. सामन्याच्या दिवशी यशोदाबाईने त्याला जेवू घालावे, रूपेशला घालायची तसे.

हे कलम मी ऑपरेशनमधून वाचलो तरी लागू समजावे. वकील म्हणतात, असे चालत नाही. चालवून घ्यावे.

सही: नामदेव हिराजी मेहेर

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली.
साक्षीदार: १) जाई अनंत सुतार, २) बाजीराव तुकाराम सोनवणे

ठिकाण: नेरूळ
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५