गिरिदर्शन नगरचा पहिला रहिवासी

गिरिदर्शन नगर, जुन्नर
(पाण्याच्या टाकीखालचं तिसरं घर)

बेल्ह्याच्या माळावरचे आमचे जुने सोबती जानकूभाऊ यांना हौशीरामचा मनापासून रामराम. तुमचा खोकला, तुकाबाईंची कंबर, घोडीचा मागचा पाय आणि दोनशे मेंढरं ज्याच्या त्याच्या जागी ठीक असतील अशी आशा आहे. इकडं माझी साखर वाढली आहे आणि त्यामुळं आमच्या साळूबाईंची माझ्या ताटावरची नजर वाढली आहे. बाकी सगळं बरं. आता तुम्ही-आम्ही लिहिताना माझा हात अवघडतो, म्हणून नेहमीसारखं तू म्हणतो. हे पत्र सूनबाई वाचून दाखवील असं मी धरून चाललोय. (हर्षाली, यापुढं कंसातलं जे आहे ते तुझ्यासाठी. मोठ्यानं वाचायचं नाही. सासरा चिडलाच तर थांब, पाणी दे आणि मग पुढं वाच.)

फोन का केला नाही असं तू विचारशील. एक तर तू फोन वाजला की लाल बटण दाबून हॅलो म्हणतोस. दुसरं म्हणजे आमच्याकडं रेंज फक्त टाकीपाशी येते आणि तिथं दिवसभर चार-पाच माणसं कानाला हात लावून उभी असतात. मला जे बोलायचंय ते त्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं. मागच्या साली दिवाळी झाल्यावर तू वाडा घेऊन आलास, म्हणजे मेंढरं, घोडी, कोंबड्या, कुत्री असं सगळं लटांबर, आणि आमच्या नव्या फाटकावर ‘जनावरांना प्रवेश बंद’ असं लिहिलंय ते तुला वॉचमननं वाचून दाखवलं. तू जरा वेळ वर बघितलंस आणि मेंढरं वळवलीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझी मेंढरं माझ्या जागेत बसली नाहीत. मी त्या दिवशी परगावी होतो असा निरोप नंतर मी तुला पाठवला होता. मी घरीच होतो. गच्चीवर, वाळत घातलेल्या घोंगडीमागं उभा होतो. घोंगडीही तूच दिलेली. खाली यायची लई लाज वाटली, म्हणून आलो नाही. (पाणी दे.)

तर ते असं. पण आमचं उपनगर किती भारी आहे ते आधी ऐक, कारण फाटक झाल्यावर तू ते बाहेरूनच बघितलंस. तुला आठवतो तो बोरमाळ, जिथं बोरी आणि कुसळाशिवाय काही येत नव्हतं आणि तुझी मेंढरं महिनाभर बसली की पुढच्या साली छातीएवढी बाजरी यायची, त्याचे नऊ वर्षांपूर्वी प्लॉट पडले. विकणारा मीच. एक प्लॉट तेवढा ठेवला, फाटक होईतो तुझी मेंढरं तिथंच बसायची. नाव ‘गिरिदर्शन’ द्यायचं ठरलं. आता आम्ही डोंगरावरच राहत असल्यामुळं तो डोंगर काही आम्हाला दिसत नाही, पण बाकी सगळं दिसतं, समोर शिवनेरी, खाली शहराची छपरं, उसाची रानं आणि कुणाच्या घरी पाहुण्याची गाडी आली तेही. हवा अशी आहे की खालच्या पेठेतली माणसं संध्याकाळी फक्त श्वास घ्यायला वर येतात. मी त्यांना घेऊ देतो.

बघण्यासारखी ठिकाणं पुष्कळ. टाकी सांगितलीच. तिच्या खाली पहिल्या गिअरचं वळण आहे. तिथं भरलेला टेम्पो चढत नाही, त्यामुळं आमच्या प्रत्येक घरातला फ्रीज शेवटचा टप्पा चार माणसांबरोबर पायी आलेला आहे. त्यातनंच एकमेकांच्या ओळखी झाल्या. माणसंही एकेक थोर. आमच्या झुंबरबाईंची कोंबडी बिबट्यानं धरली, तेव्हा झुंबरबाईंनी खराट्यानं बिबट्याला धरलं. कोंबडी सुटली, अजून अंडी देते आणि पाहुणे आले की तिला बाहेर आणून दाखवतात. दुसरा गोकुळ, ठिबकचे पाइप विकतो. लाइट गेली की तो खांबाखाली जाऊन कमरेवर हात ठेवून नुसता वर बघतो आणि लाइट येते. कशी येते कुणाला माहीत नाही, पण मी पाच वेळा डोळ्यांनी बघितलंय. अशी माणसं एका उतारावर सापडणं सोपं नाही, राव.

आणि आमचे सुभाषराव. कचेरीतून रिटायर झाल्यापासून त्यांनी इतिहास हातात घेतलाय. तुला ठाऊक आहे, जुन्नरात पाया खणताना जरा बरा दगड लागला की माणूस आधी हळदकुंकू काढतो आणि मग सातवाहन काढतो. बागेत पोरांच्या झोक्यासाठी खड्डा घेतला तर तीन काळे दगड निघाले, एका बाजूनं जळालेले. सुभाषराव दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात इथं यज्ञ व्हायचे. आता ते दगड बागेत काचेच्या पेटीत आहेत, वर बल्ब, पुढं कुलूप. सुभाषराव दर रविवारी पेटीपुढं भाषण करतात आणि भाषण इतकं सुंदर असतं की मलाही दोनदा गहिवरून आलं. मी ते दगड बघताक्षणी ओळखले होते. मधल्याचा कोपरा तुझ्या आधीच्या घोडीनं लाथ मारून उडवलेला. तुकाबाईंची चूल होती ती. पण चूल कुणाची ते सांगितलं असतं तर चूलवाला आता कुठं आहे तेही सांगावं लागलं असतं, म्हणून गप्प बसलो.

आता गंमत ऐक. येत्या दिवाळीच्या पाडव्याला फाटकाशेजारी उपनगराच्या इतिहासाची संगमरवरी पाटी बसायची आहे. पहिलीच ओळ ‘या नगरीचे पहिले रहिवासी’ आणि पुढं जागा मोकळी. झुंबरबाई म्हणाल्या, पहिलं दूध माझ्या घरात उतू गेलं. गोकुळ म्हणाला, तवा तुमच्या घराला छप्पर नव्हतं, ते दूध धरता येणार नाय, पहिला लाइटचा मीटर माझा. यावर तीन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत झुंबरबाईंनी खराट्याची आठवण करून दिली. तिसऱ्या बैठकीत पाटीच रद्द करायची वेळ आली, तेव्हा मला काय झालं कुणास ठाऊक, मी उभा राहिलो आणि म्हणालो, पहिला रहिवासी जानकू.

मग सगळं सांगून टाकलं. आज जिथं ट्रान्सफॉर्मर आहे तिथं मोठी बोर होती. तुम्ही मेंढरांभोवती जाळी लावली, रात्री पाऊस आला, अवेळी, आणि तुकाबाईंचं पोट दुखायला लागलं. माझी आई डोक्यावर इरलं घेऊन गरम पाण्याचा हंडा त्या चिखलातून वर घेऊन गेली आणि पहाटे तुमचा दादाभाऊ जन्मला. आमच्या एकशे बारा घरांतली सगळी पोरं दवाखान्यात झाली, जानकू. या मातीवर जन्मलेला माणूस एकच आहे, तो तुझा मुलगा. आणि त्याला आपण मागच्या साली फाटकातून आत घेतलं नाही, हेही मी बोललो. घोंगडीमागं कोण होतं तेही बोललो. (हर्षाली, तुझा नवरा जवळ असेल तर त्यालाही ऐकव.)

मग झुंबरबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, ‘बाळंतपण झालं म्हंजी घर झालं. आता काय राह्यलं भांडायला?’ आणि लगेच पुढं म्हणाल्या, ‘गोकुळपेक्षा जानकूबाबा कधीबी बरं.’ गोकुळ म्हणाला, त्याचंही झुंबरबाईंविषयी हेच मत आहे. ठराव एकमतानं पास झाला. आमच्या उपनगराच्या इतिहासातला हा पहिलाच एकमताचा ठराव, त्यामुळं सुभाषरावांनी तोही पाटीवर घ्यायचं ठरवलंय.

तर पाडव्याला सकाळी दहा वाजता पाटीवरचा पडदा तुझ्या हातानं निघायचा आहे. नाव दगडात कोरून झालंय, आता ते खोडता येत नाही. पत्रिकेवर तुझ्या नावापुढं ‘पशुधन उद्योजक’ असं छापलंय, ते सुभाषरावांचं काम, माझ्यावर रागावू नकोस. रागवायला तुला माझी दुसरी गोष्ट आहेच. यायचं की नाही ते तू ठरव. या वेळी फाटकापाशी मी स्वतः उभा असेन, एवढंच सांगून पत्र आवरतं घेतो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद आणि कुत्र्यांना माझी ओळख असू द्या.

तुझाच,
हौशीराम

ता. क. लिहायचं राहिलं. सगळ्यांना वाटतंय तू गाडीतून येणार. तू गाडीतून येऊ नकोस. सगळा वाडा घेऊन ये. ‘प्रवेश बंद’ची पाटी काढायला बैठक लागते आणि बैठकीला आमच्याकडं महिना जातो, म्हणून मी तिच्यावर झेंडूचं जाड तोरण बांधणार आहे. मेंढरं रात्री माझ्या अंगणात बसव. तीनदा लॉन लावलं, तीनदा जळालं. पण मी खतासाठी बोलवत नाही. (हर्षाली, थोडं खतासाठीही बोलवतोय.)

ता. क. दुसरा. (हर्षाली, सासरा ऐकून नुसताच बसला असेल तर घोंगडीची ओळ पुन्हा वाच. वरचं सगळं उपनगर मी तेवढी ओळ लिहिण्यासाठीच लिहिलंय.)

ता. क. तिसरा, तुकाबाईंसाठी. वहिनी, दगड ओळखले तरी सुभाषरावांच्या भाषणात मध्ये बोलू नका, माणूस मनानं फार चांगला आहे. भाषण संपू द्या. मग संध्याकाळची भाकरी आपल्या त्याच चुलीवर करा, सुभाषरावांना मी जेवायला सांगितलंय. सरपण आणून ठेवलंय. काचेच्या पेटीची चावी माझ्याकडं असते.