खोडलेल्या ओळी, निळी पावलं

प्रिय फूटपट्टी,

मालकांनी बाहेरून आणलेल्या त्या सल्लागाराने तुझ्या यादीतल्या एका ओळीवर आडवी रेघ मारली आणि तू हसलीस, त्या क्षणापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुझ्यासाठी ती एक साधी मीटिंग असेल. मी मात्र मीटिंगरूमच्या काचेबाहेर रंगाचे नमुने हातात घेऊन उभा होतो आणि मला सगळं नीट दिसलं, ऐकूही आलं. तू रागावली नाहीस, वाद घातला नाहीस. केस कानामागे सारून हसलीस आणि म्हणालीस, "हो की, हे माझ्या लक्षातच आलं नाही." अगं, तीच ओळ मी आधीच्या आठवड्यात खोडायला सांगितली होती! 'कारखान्याने वर्षभरात लावलेली झाडं.' मी विचारलं होतं, झाडं लावली म्हणून कापड रंगवायला पाणी कमी लागतं का? तर तू माझ्या हातातून पेन हिसकावून घेतलंस आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मी खोडलं तर आगाऊपणा, त्याने खोडलं तर अक्कल. वा रे न्याय!

ती यादी तू कशी केलीस ते मी पाहिलंय. आपलं कापड घेणाऱ्या मोठ्या कंपनीने मालकांना कळवलं, की पर्यावरणाची काळजी घेता ना, मग ती आकड्यांत दाखवा, नाहीतर पुढच्या ऑर्डरी विसरा. मालकांनी ते लोढणं तुझ्या गळ्यात अडकवलं आणि तू दिसेल ते मोजत सुटलीस. पाणी, वीज, वाफ, गाळ, ऑफिसातला कागद, चहाचे कप, जिन्यातले दिवे. कॉलेजातही तू अशीच होतीस. आपण एकाच टेबलावर रंगांचे प्रयोग करायचो. तू थेंब मोजून घालायचीस, म्हणून तर फूटपट्टी, आणि मी अंदाजाने ओतायचो आणि रंग दोघांचाही जुळायचा, माझा कधीमधी. तू मला भडका म्हणायचीस, ते मी सरांशी भांडून खरं करून दाखवलं. शिक्षण अर्धवट टाकून निघालो तेव्हा तू फाटकापर्यंत मागे आली होतीस. "राग तुझा आणि नुकसानही तुझंच," एवढंच म्हणालीस. मी याच कारखान्याच्या रंगखात्यात चिकटलो. पुढे पदवी घेऊन तू इथेच वरच्या ऑफिसात आलीस तेव्हा मी घरी जाऊन आईला सांगितलं, माझं नशीब बघ, कशी बरोबर माझ्याच कारखान्यात आली! आई म्हणाली, "ती पगारासाठी आलीय, बाळा." आमच्या आईला असल्या गोष्टींतलं काही कळत नाही.

आता या माणसाविषयी. उंच आहे, मान्य. शर्टाच्या बाह्या दुमडतो, त्याही दोन्ही अगदी सारख्या. समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतो, हा तर शुद्ध कावा आहे. आणि त्याचा तो एक प्रश्न! प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारतो, "हा आकडा वाईट आला, तर उद्या सकाळी कोण काय वेगळं करेल?" उत्तर नसेल तर ओळ गेली. मला तो प्रश्न आवडला. म्हणूनच तो माणूस मला सहन होत नाही. मूर्ख असता तर मी त्याला स्वतःहून चहा पाजला असता. आमच्या रंगमास्तरांना माझं तोंड बघूनच सगळं कळलं. "अरे, आधी त्याचं लग्न झालंय का ते तरी विचार, मग जळ," म्हणाले. मी विचारून आलो. नाही झालेलं. मास्तर म्हणाले, "मग जळ."

दुसऱ्या मीटिंगला तू मला बोलावलंस आणि मी भांडायच्या तयारीनेच आलो. त्याने फळ्यावर लिहिलं होतं, 'एक किलो कापडामागे लागलेलं पाणी.' मी उभा राहून म्हणालो, ऑर्डरी कमी असल्या की आम्ही मशीन अर्धंच भरतो, पाणी मात्र जवळजवळ तेवढंच लागतं. तुमचा हा आकडा वाढेल आणि महिन्याचं एकूण पाणी कमी दिसेल. मग मालकांनी कौतुक करायचं की कान धरायचा? वाटलं, आता बसला गप्प. तर तो म्हणाला, "बरोबर आहे. दोन्ही शेजारीशेजारी ठेवू," आणि मला खुर्ची पुढे केली. भांडायला आलेल्या माणसाला खुर्ची देण्यासारखा अपमान नाही! मी आणखी पेटलो आणि जे बोलायचं नव्हतं ते बोलून बसलो. म्हणालो, पाणी नळातून वाया जात नाही, दुसऱ्यांदा रंगवण्यात जातं. छटा जुळली नाही की तोच माल पुन्हा मशीनमध्ये, पुन्हा पाणी, पुन्हा वाफ. आणि आमच्याकडची रीत अशी, की तो माल नवा म्हणूनच लिहायचा. माझ्यासोबत आलेल्या मास्तरांनी डोळे मिटून घेतले. रंगखात्याची ती झाकली मूठ आजवर जिना चढून वर गेली नव्हती, आणि मी ती उघडली कशासाठी, तर तुझ्यासमोर त्याच्यापेक्षा शहाणा ठरायला.

तू उठून फळ्याशी गेलीस आणि सगळ्यांत वर लिहिलंस, 'पहिल्याच फेरीत छटा जुळलेला माल, शंभर किलोंत किती.' वळलीस तेव्हा तुझे डोळे चमकत होते. माझ्यामुळे की त्या ओळीमुळे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याने विचारलं, "हा आकडा सांभाळणार कोण?" तू माझ्याकडे बघितलंस. तू तोंड उघडणार एवढ्यात त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "हाच सांभाळेल, दुसरं कोण?" तुझ्या ओठांवर आलेलं वाक्य त्याने पळवलं. तुझ्या तोंडून ते ऐकायला मी काय दिलं नसतं! मी त्याचा हात झटकला, "तुमचे आकडे तुम्हीच मोजा," म्हणालो आणि दार असं आपटलं की काच थरथरत राहिली.

तेव्हापासून मीही मोजतोय. बोलता बोलता तू कितीदा 'ते म्हणाले' म्हणतेस. त्याच्या विनोदावर किती वेळ हसतेस आणि माझ्या विनोदावर किती. जिन्यात कोण कोणासाठी थांबतं. तुझ्या यादीपेक्षा माझी यादी लांब झाली. मग एकदा चिडून त्याचाच प्रश्न माझ्या यादीला विचारला. आकडा वाईट आला तर उद्या सकाळी मी काय वेगळं करेन? तोंड पाडून बसेन. ते तर मी आजही बसलोय. एकेक ओळ खोडावी लागली, आणि तीही त्याच्या नियमाने. बघ, माझ्या जळण्यातसुद्धा त्याने सल्ला घुसवला!

काल तू रंगखात्याच्या दारात आलीस. फरशीवर निळं पाणी सांडलं होतं. तुला सावध करायला हवं होतं, पण मी फुगून बसलो होतो. तू म्हणालीस, "उद्या सकाळी मालकांसमोर बसायचंय. त्यांना झाडांची ओळ परत हवीय आणि तुझी ओळ नकोय. आपलीच लाज आपणच कशाला चव्हाट्यावर मांडायची, म्हणतात. खात्यातलं कोणी जबाबदारी घ्यायला उभं राहिलं नाही तर ती जाणार. येशील?" मी म्हणालो, "त्यालाच घेऊन जा ना." तू वळलीस. तुझ्या चपलांची निळी पावलं जिन्यावर उमटत गेली आणि मी लाज सोडून त्यांच्या मागे गेलो. मीटिंगरूमच्या दाराशी ती पावलं थांबली होती. दोन्ही जवळजवळ, डाग चांगला गडद. म्हणजे बराच वेळ उभी होतीस. आत तो बसतो. पण पावलं आत गेली नव्हती. तिथूनच वळून तुझ्या टेबलाकडे गेली होती. दाराशी उभी राहून कुणाचा विचार करत होतीस? त्याला सोबत ये म्हणायचं तर का नाही म्हणालीस?

हे सगळं कागदावर एवढ्यासाठी, की समोर येऊन बोलायला लागलो तर भडकेन आणि भलतंच बोलेन. मी येतोय. त्याच्यासाठी नाही, आणि खरं सांगू, पाण्यासाठीही नाही. मास्तरांना सांगितलं. "मूठ तू उघडलीस, आता निस्तर तूच," म्हणाले आणि स्वतःचा इस्त्रीचा शर्ट दिला. बाह्या लांब आहेत, दुमडाव्या लागल्या. सारख्या काही दुमडल्या गेल्या नाहीत. मालकांना सांगेन, आकडा मी सांभाळीन, सुरुवातीला तो वाईटच येईल आणि तरी मी तो झाकणार नाही. तो माणूस माझ्या शेजारी बसला तरी चालेल. तू त्याच्याकडे बघून हसलीस तर मात्र जळेन. ती खोड एका मीटिंगमध्ये जाणारी नाही. माझ्या यादीत आता एकच ओळ उरलीय: मी तुझा कोण? उत्तर वाईट आलं तर उद्या सकाळी काय वेगळं करेन? काही नाही. याच मशीनवर येईन, छटा जुळवीन, आकडा लिहीन. म्हणजे नियमाने हीसुद्धा खोडायला हवी. पेन टेकवलं, पण रेघ ओढवेना. म्हणून ती तुझ्याकडे देतोय. खोडायची असेल तर तूच खोड, त्याला विचारू नकोस. आता उजाडायला आलंय. नमुने तपासायच्या खोलीतला दिवा बंद करतो, हा कागद तुझ्या टेबलावर ठेवायला निघतो, आणि बाहेर पडून दार लावून घेतो. या वेळी न आपटता.

तुझाच,
भडका