भाजलेल्या जवसाचं पेटंट

११ जानेवारी
राजेश्वर भाऊजींनी माझ्या पेटंटला विरोध केला! सख्खा दीर. केजला पार्लर चालवतात, पार्लरचं सामानही विकतात. म्हणे यात शोध कसला, हे कुणालाही सुचलं असतं. मग त्यांना का नाही सुचलं?

१२ जानेवारी
डोकं शांत नाही. लिहूनच काढते.
केस सोनेरी करायच्या पावडरीत जवसाचं पीठ घातलं की लेप दाटतो, कपाळावर ओघळत नाही. पण वर डेव्हलपर, म्हणजे पेरॉक्साइड, ओतलं की फसफसतो, तापतो. म्हणून सगळ्यांनी जवसाचा नाद सोडला. मीही. मग एकदा घाईत सासूबाईंनी चटणीला भाजून ठेवलेले जवस दळले — फेस नाही, चटका नाही. भाजायचं, एवढाच माझा शोध. पण माझा.

१९ जानेवारी
भाऊजी आमच्याकडे नांदूरघाटला आले ते भांडायलाच. "वहिनी, कच्च्या जवसाची चटणी कोण करतंय? भाजायचं सगळ्यायलाच ठाऊक हाय."
चटणी डोक्याला लावतात का? मी म्हटलं, "तुमच्या पार्लरमधल्या जीवनला माझा अर्ज न दाखवता जवसाचा लेप करायला लावा. बघू, भाजायचं सुचतं का."
"लावतोच."
सासूबाई मध्ये पडल्या — "जवसावरून कावून भांडायलाव तुमी?" कोण ऐकतंय.

२ फेब्रुवारी
वकील म्हणतात, चटणीचा मुद्दा जड जाईल. चटणीपायी पेटंट जाणार. तळपट होवो भाऊजींचं.

८ फेब्रुवारी
भाऊजींनी खरंच करून पाहिलं. पार्लरमधल्या जीवनला एवढंच सांगितलं — जवस घालून लेप दाट कर. त्याने कच्चेच दळले. आणि लावला कुणाला? शिवांजलीला. भाऊजींच्या मुलीला! टाळू भाजली. अंबाजोगाईला दवाखान्यात आहे.
सासूबाई तिथूनच फोनवर रडत होत्या. माझ्या मनात आधी आलं — जिंकले. नंतर पोरगी आली. किती वेण्या घातल्यात मी तिच्या. लाज वाटते.

९ फेब्रुवारी
वकील खुशीत. "त्यांच्याच माणसाला भाजायचं सुचलं नाही, मॅडम. फोटो मिळवा." मी नाही म्हटलं. लेकराची जखम मांडून मला काही जिंकायचं नाही.
संध्याकाळी कळलं, भाऊजी केजभर सांगत सुटलेत — "वहिनीच्याच पावडरीनं पोरगी भाजली."
नीच माणूस.

११ फेब्रुवारी
शिवांजलीचा मेसेज. फोटो तिने स्वतःच काढलेत. खाली लिहिलंय — "मोठी आई, वकिलाला द्या. लेप तापायलाय म्हणून जीवनदादा थांबलता. पप्पा म्हणले, लाव."