सर्वरंग वनविहार मंडळ

३ मार्च, सोमवार
ऑफिसात चहाच्या वेळी साहेब म्हणाले की ते दर रविवारी गावाबाहेरच्या जंगलात फिरायला जातात, पण तिथे आमच्या रंगाचं माणूस कधी दिसत नाही. तुम्हा लोकांना निसर्ग आवडत नाही का, असं अगदी आपुलकीने विचारलं. मी म्हटलं, छे, आम्हाला फारच आवडतो. या देशात येऊन सतरा वर्षं झाली. जंगल घरापासून बसने जवळच. अजून गेलेलो नाही. पण हे साहेबांना सांगायचं काही कारण नव्हतं.
निश्चय: येत्या रविवारपासून जायचं. सहकुटुंब. कुणीतरी सुरुवात केली पाहिजे. तो कुणीतरी मीच, हे आता जवळजवळ नक्की.

४ मार्च
बूट, काठी, रकसॅक, हॅट आणि शिट्टी घेतली. बायकोने विचारलं, शिट्टी कशाला? म्हटलं, संकटात वाजवायला. ती म्हणाली, संकटात तुम्ही मलाच हाका मारता.

९ मार्च, रविवार
पहिली मोहीम. मी, बायको, मुलगी.
बाबांनाही यायचं होतं. आई गेल्यावर मागच्या वर्षी त्यांना इकडे आणलं, तेव्हापासून खिडकीशी बसून असतात. आज न सांगता तयार होऊन आले. पायात चपला, अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर. पहिलंच इम्प्रेशन. म्हटलं, बाबा, आज चढ फार आहे, पुढच्या खेपेला नेतो. बरं म्हणाले आणि मफलर सोडून परत खिडकीशी बसले. (चढ नव्हता. पण असू शकला असता.)
जंगल उत्तम. झाडं पुष्कळ. लोक मदतीला अतिशय तत्पर. चौघांनी थांबून विचारलं, वाट चुकलात का? मुलगी म्हणाली, बाकी कुणालाच विचारत नाहीत, बघा. कॉलेजात गेल्यापासून तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.
एक कुत्रा अंगावर आला. मालकीण म्हणाली, सॉरी हं, त्याला सवय नाही. कशाची, ते तिने सांगितलं नाही. हॅटची असणार.

१६ मार्च, रविवार
हॅट घरी ठेवून गेलो. कुत्रा तसाच भुंकला. म्हणजे काठी.

२३ मार्च, रविवार
काठीही ठेवली. कुत्र्याबद्दल आज लिहीत नाही.
स्वच्छतागृहाबाहेर बायकोची वाट बघत उभा होतो. एक बाई बाहेर आली आणि आतला कागद संपलाय, असं मला जरा रागावून सांगून गेली. म्हणजे तीन रविवारांत माझ्या चेहऱ्यावर जबाबदार माणसाचं तेज आलं आहे. चौकीत जाऊन रेंजरला कळवलं. त्याने माझ्याच हातात रोल दिले. बसवून आलो.
परतताना बायको चकार शब्द बोलली नाही. दमली असावी.

२५ मार्च
मंडळ स्थापन. नाव: सर्वरंग वनविहार मंडळ. उद्देश: जंगलात आपलीही माणसं दिसली पाहिजेत. अध्यक्ष: मी. निवड एकमताने झाली. मत एकच होतं.
मुलीला चिटणीस केलं. ती म्हणाली, आधी आजोबांना सभासद करा. म्हटलं, सुरुवातीला माणसं निवडून घ्यावी लागतात. यावर तिने ज्या नजरेने पाहिलं, ती चिटणिसाला शोभत नाही. राजीनामा तोंडी मिळाला.

२९ मार्च, शनिवार
सभासद मिळवायला इमारतीत फिरलो.
वरच्या मजल्यावरचा बस ड्रायव्हर. आमच्यापेक्षाही सावळा, दुसऱ्या खंडातला, आवाज खणखणीत. म्हणाला, आठवडाभर मी सगळ्या गावाला फिरवतो, रविवारी मला कुणी फिरवू नका. हसलो. तोही हसला. मग दार लावून घेतलं.
खालच्या मजल्यावरचा केमिस्ट. शांत माणूस. त्याने आत बोलावून कॉफी दिली. म्हणाला, आमच्याकडे लढाई होती तेव्हा आम्ही जंगलात लपायचो. धाकटी बहीण तिथेच राहिली. आता झाडांत शिरलो की मी आधी पळायची वाट बघतो. मजा म्हणून जमत नाही मला.
कॉफी संपवली. मंडळाचं पत्रक टेबलावर ठेवून आलो. जिना चढताना वाटलं, ठेवायला नको होतं.

६ एप्रिल, रविवार
मंडळाची पहिली सहल. उपस्थिती: अध्यक्ष. बायकोला मैत्रिणीकडे जायचं होतं. मुलीची परीक्षा आहे, असं तिने अंथरुणातून सांगितलं. फाटकापाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. संख्येला फार महत्त्व देऊ नये.

११ एप्रिल
रेंजरचा फोन! जंगलखात्याला नवा फलक लावायचा आहे, "हे जंगल सर्वांचं". त्यासाठी निरनिराळ्या लोकांचे फोटो हवेत. तुम्ही नेहमी येता, तर याल का? म्हटलं, बघतो सवड आहे का. लगेच बघितली. आहे.
साहेबांना सहज सांगितलं. दोनदा.

१३ एप्रिल, रविवार
फोटो झाला. घरातल्यांनाही आणा म्हणाले होते. बाबा सकाळपासून तयार. तोच मफलर. म्हटलं, गाडीत जागा नाही. मागच्या सीटवर खरोखरच रकसॅक होती.
फोटोवाल्याने मला झाडाखाली उभं केलं आणि म्हणाला, लांब काहीतरी सुंदर दिसलंय असं बोट दाखवा आणि हसा. मी कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. उत्तम हसलो. आपण इथलेच आहोत अशी भावना मनात पहिल्यांदा आली. डबा भरलेला होता.

१८ मे, रविवार
फलक लागला. फाटकाशीच, माणसाच्या उंचीएवढा. मी मधोमध. एका बाजूला गोरं जोडपं, दुसऱ्या बाजूला व्हीलचेअरवरचे गृहस्थ. मला कोण ओळखतंय ते बघायला फलकाजवळच रेंगाळलो. बराच वेळ गेला. शेवटी एक सद्गृहस्थ थांबले, फलक वाचला, माझ्याकडे वळले.
वाट चुकलात का, म्हणाले.
उन्हामुळे चकाकत असेल.

१ जून, रविवार
पाय दुखतो. विश्रांती.

८ जून, रविवार
दुसरा पाय.

१९ जून, गुरुवार
रात्री उशिरा लिहितोय.
संध्याकाळी घरी आलो तर बाबा नाहीत. खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर एक स्वेटर. बायको शेजारीपाजारी विचारून आलेली. मुलगी रडत होती. इथली भाषा त्यांना येत नाही, खिशात पत्ता नाही, फोन घरीच. बस ड्रायव्हर जिन्यात भेटला. म्हणाला, तुझे वडील? ते रोज दुपारी माझ्या बसने जंगलाच्या स्टॉपला जातात. दोन महिने झाले. तुला माहीत नाही?
मला माहीत नव्हतं.
धावतच गेलो. शिट्टी वाजवली. पायवाट सोडून आत शिरलो, बाबा बाबा ओरडत. थोड्या वेळाने सगळी झाडं सारखी दिसायला लागली. एक तरुण जोडपं समोरून आलं. विचारलं, वाट चुकलात का? मी नाही म्हणालो. ते निघून गेले. मग मात्र खाली बसलो. डोळे पुसले. परागकणांची ॲलर्जी असावी.
कुणीतरी मराठीत म्हणालं, कोकलतोस काय रे, पाखरं उडाली सगळी.
बाबा. चपला, मफलर. त्यांच्या बाकापासून मी हाकेच्या अंतरावर बसलो होतो. बस चुकली म्हणून दुसरीची वाट बघत बसले होते, एवढंच.
येताना विचारलं, इथे तुम्हाला कुणी त्रास नाही देत? म्हणाले, पहिल्या दिवशी बाकावर बसलो तर एक जण उठून गेला. बरंच झालं, पाय पसरायला मिळाले. मग एक म्हातारी आली. काहीतरी विचारलं. मला इथला एकच शब्द येतो, येस. येस म्हणालो. तिने हात धरला, तळ्याकाठच्या चांगल्या बाकावर नेऊन बसवलं. तेव्हापासून तिथेच बसतो.
काय विचारलं असेल, हे मी त्यांना सांगितलं नाही.
थोडं चालल्यावर म्हणाले, खिडकीतून तुझी आईच दिसायची रे. इथे जरा झाडं दिसतात.
मी त्यांचा हात धरला. अंधार पडत होता, त्यांना आधार हवा म्हणून. तसे ते माझ्यापुढेच चालत होते.

२० जून
साहेबांनी विचारलं, रविवारी दिसत नाही हल्ली? म्हटलं, कामात आहे. मंडळाची कार्यपद्धती बदलावी म्हणतो.
बाबांना विचारलं, रविवारी तुमच्याबरोबर येऊ का? त्यांनी आधी मफलर सोडून पुन्हा बांधला. शेवटी म्हणाले, ये. पण बोलायचं नाही.

२२ जून, रविवार
गेलो. बूट न घालता.
तळ्याकाठी बाबांना सगळे ओळखतात. बाबागाडीवाली हात करते, पळणारे मान डोलावतात. ती म्हातारी जुनी नर्स आहे. गोरी, वाकलेली, बाबांपेक्षाही वयाने मोठी. दोघं शेजारी बसतात. ती तिच्या भाषेत बोलते, बाबा मराठीत. एकमेकांचं काही कळत नाही म्हणून भांडण होत नाही, असं बाबांचं म्हणणं.
नर्सने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बाबांना विचारलं, हे तुमच्याकडे आलेले पाहुणे का?
बाबा म्हणाले, येस.
मी खुलासा करायला तोंड उघडलं. बाबांनी डोळे वटारले. अट अटच असते.
मग नर्सने हसून माझं स्वागत केलं, आमच्या जंगलात आलात, बरं वाटलं म्हणाली, आणि जाताना चुकू नये म्हणून फाटकापर्यंतची वाट हातवारे करून, सावकाश, दोनदा समजावून सांगितली.
मी मान डोलावली. नीट ऐकूनही घेतली.